दाणा कोणी चावला?

पितांबरशेठ मुलीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला निघाले, तेव्हा जळगावच्या आमच्या डाळमिलमधल्या सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "चार दिवस अभिमनचा शब्द तो माझा शब्द." किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. अकरा वर्षं सुपरवायझर म्हणून राबलो, पण शेठला विचारल्याशिवाय साधं पोतंही हलवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र शेठला ठाऊक नव्हती. तेलपाणी लावलेली तूर गच्चीवर वाळत घालतात, आणि ती उचलून चक्कीत कधी घालायची हे आमच्याकडे दाताने ठरतं. दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळला, दबला तर ओला. ओला दाणा चक्कीत गेला की डाळीची चुरी होते. हे काम शेठ स्वतः करायचे. माझ्या दाढा तंबाखूने केव्हाच खाल्ल्या होत्या. पुढचे दात शाबूत होते म्हणून झाकलं गेलं, पण पुढच्या दातांनी दाण्याच्या पोटातलं कळत नाही. आधीच्या सुपरवायझरने एकदाच ओली तूर उचलली होती, आणि शेठने त्याला त्याच संध्याकाळी फाटक दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून फोन आला. ऊन कडक आहे, आज तूर उचल, म्हणाले. ऊन धुळ्याला होतं. जळगावात सकाळपासून मळभ होतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "मी वीस वर्षं हेच करतोय, अभिमन," आणि फोन ठेवला. मला संताप आला. मग तो जुडगा काय मिरवायला दिला होता?

गच्चीवर गेलो. शेवंताबाई बाकीच्या बायांसोबत पायाने तूर फिरवत होती. अठरा वर्षं तिचं तेच काम. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने दाणा तोंडात टाकला, दाढेखाली दाबला.

"पोटमा वल शे अजून, भाऊ. आज नका उचलू."

खाली चक्कीवाला जीवराम बटणाला हात लावून उभा होता. दोन मुली लग्नाच्या, वय शेहेचाळीस, फाटकाबाहेर मला कोण विचारणार होतं? आज चक्की नाही, असं मी त्याला सांगितलं. शेठ तसं म्हणाले का, त्याने विचारलं. मी म्हणालो, "मी सांगतोय." त्याने खांदे उडवले.

शेठला फोन बहुतेक त्यानेच केला. कारण दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं आणि दुपारी शेठची जीप दारात उभी राहिली. माझ्याकडे न बघता ते गच्चीवर चढले. मध्यावरचा, उन्हातला दाणा चावला, तो कट्‌कन तुटला. मग टाकीच्या सावलीतला चावला, तो दबला.

"आज इथे ओल आहे, म्हणजे काल सगळीच ओली होती," ते म्हणाले. "उचलली असती तर चुरीच झाली असती. दाणा कोणी चावला?"

शेवंताबाई चार पावलांवर होती. तिचे पाय थांबले. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण मनात आलं, बाईच ठरवणार असेल तर शेठला अभिमन कशाला हवा?

"मी," मी म्हणालो.

शेठने पाठीवर थाप मारली. यापुढे तूर मीच उचलायची, ते मध्ये पडणार नाहीत, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. शेवंताबाईचे पाय पुन्हा चालू लागले. मला तिच्याकडे बघवलं नाही.

आठ दिवसांनी पुढचा माल वाळत आला. त्या दिवशीही मळभ होतं. मी तिच्याजवळ जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने मान वर केली नाही.

"तुम्हीच चावा ना, भाऊ. तुम्हले बठ्ठं समजस."

मला म्हणे सगळं समजतं. बाकीच्या बायाही थांबल्या. खालून जीवरामने विचारलं, चालू करू का. शेठ ऑफिसच्या दारात उभे राहून वर बघत होते. मी दाणा तोंडात टाकला आणि रिकाम्या हिरड्यांवर इकडून तिकडे फिरवत राहिलो. जीवरामने पुन्हा विचारलं.