सातवी खुंटी

त्या सकाळी तळ्यावर नऊ टिबुकल्या होत्या, चार पाणकोंबड्या, एक शेकाट्या, एका पायावर उभा असलेला बगळा आणि कुणीतरी फेकून दिलेली प्लास्टिकची बिनपाठीची खुर्ची. टिबुकल्यांपैकी तीन पिल्लं होती. त्यांतलं एक बुडी मारून बराच वेळ वर आलं नाही, म्हणून बाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नऊच. पाण्याची सरासरी खोली अठ्ठावीस सेंटीमीटर.

बाई शाळेच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं साहाय्यक होत्या. निवृत्त झाल्या तरी मोजायची सवय काही सुटली नाही. घरामागच्या पालिकेच्या मोकळ्या जागेत एक उथळ तळं होतं. त्यात त्यांनी बारा खुंट्या ठोकल्या आणि गेली अकरा वर्षं रोज सकाळी गमबूट चढवून प्रत्येक खुंटीपाशी पाणी मोजून वहीत लिहिलं. वस्तीतली पोरं त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. फूटपट्टी निदान सरळ असते, असं त्या म्हणायच्या.

आता पालिकेला तिथे दुकानांची इमारत बांधायची होती. बाईंनी हरकत घेतली होती, आणि हरकतीला आधार पालिकेच्याच एका जुन्या नियमाचा होता: पाहणीच्या दिवशी ज्या जागेत सरासरी दहा सेंटीमीटर पाणी भरेल ती पाणथळ समजावी, तिथे बांधकाम करू नये. हा नियम पालिकेतसुद्धा कुणाच्या लक्षात नव्हता. बाईंनी तीन आठवडे ग्रंथालयात बसून तो हुडकला होता. पाहणीला सतरा दिवस उरले होते आणि बाई निर्धास्त होत्या. अठ्ठावीसाचे दहा व्हायला काय होणार?

त्याच संध्याकाळी भाचा आला. त्याला घरात बारक्या म्हणत. उंची सहा फूट एक इंच झाली तरी नाव काही वाढलं नव्हतं. बारक्या पालिकेच्या नगररचना विभागात मोजणीदार होता, अजून तात्पुरताच. त्याची आई दिवसभर कामावर असायची, म्हणून शाळा सुटल्यावर तो मावशीच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचा. नळीतलं पाणी वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, उभ्याउभ्या वाचायचं नाही, हे तो नवव्या वर्षी तिथेच शिकला होता.

“मावशी, तुझी वही लागेल मला. साहेब म्हणतात, अकरा वर्षांच्या नोंदी असतील तर वाद घालायला जागाच नाही. झेरॉक्स काढतो आणि परवा आणून देतो.”

“चहा सांडायचा नाही वहीवर.”

“मी काय आता चौथीत आहे?”

“चौथीत असताना नव्हता सांडलास. आत्ताचं सांगता येत नाही.”

तो हसला, वही काखेत मारून गेला. जिन्यात त्याला वाट देऊन वर आलेल्या तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी विचारलं, “ताई, वही देऊन टाकलीत? मी गिऱ्हाइकाला त्याच्या मापाचा कागदही देत नाही.”

“तुमचं गिऱ्हाईक परकं असतं, दादा. हा घरचा आहे.”

वही तिसऱ्या दिवशी परत आली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. बाईंनी पान न् पान चाळलं. एक डाग नव्हता. मनातल्या मनात त्यांनी त्याची पाठ थोपटली.

आणखी चार दिवसांनी पालिकेचं छिद्र पाडायचं यंत्र आलं. माती तपासायची आहे, असं माणसं म्हणाली. त्यांनी तळ्यात एक छिद्र पाडलं, त्यात लोखंडी नळी बसवली, भोवती पत्र्याचं कुंपण उभं केलं, तिथे एक पहारेकरी बसवला आणि निघून गेली. बाईंना काही वावगं वाटलं नाही. बांधकाम होवो न होवो, माती तर तपासणारच.

दुसऱ्या सकाळी पाणी चोवीस सेंटीमीटरवर आलं. तिसऱ्या सकाळी एकोणीस. बाईंनी आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला, चष्मा पुसला, मग पट्टीवर संशय घेतला आणि ती दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली. पट्टी बरोबर होती. मग त्या कुंपणापर्यंत चालत गेल्या. छिद्र सातव्या खुंटीपासून वीतभर अंतरावर होतं.

नोंदींच्या सहाव्या वर्षी तिथेच कुणीतरी खांबासाठी खड्डा खणला होता आणि पाणी झपाट्याने उतरू लागलं होतं. बाकी तळ्याखाली चिकणमातीचा जाड थर होता. तिथे मात्र तो हातभरच निघाला, आणि त्याखाली नुसती वाळू. बाईंनी बेचाळीस बादल्या चिकणमाती वाहून तो खड्डा बुजवला आणि वहीत लाल पेन्सिलीने लिहून ठेवलं: ‘येथे खणू नये. खणल्यास तळे रिकामे होईल.’ खाली दोन रेघा. जे आढळलं ते लिहायचं, काही झाकून ठेवायचं नाही, हीच त्यांची आयुष्यभराची रीत होती.

त्या तशाच, ओल्या बुटांनी पालिकेत गेल्या. अर्ज घेण्याच्या खिडकीवर कारकून होता.

“छिद्र बुजवा, असा अर्ज द्यायचाय.”

“द्या की. उत्तर पंधरा दिवसांत मिळेल.”

“पाहणी नऊ दिवसांवर आहे.”

“मग उत्तर पाहणीनंतर सहा दिवसांनी.” कारकुनाने शिक्का शाईत दाबला. “आणि बाई, कामाचा क्रमांक लिहा अर्जावर, नाहीतर परत येईल. हा घ्या कामाचा आदेश, यातून बघून उतरवा.”

आदेश चार ओळींचा होता. ‘छिद्र: एक. खोली: सहा मीटर. स्थळ: खुंटी क्र. ७ लगत.’

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. खुंट्यांवर आकडे नव्हतेच. त्या आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून डावीकडून मोजत. कुणी फाटकापासून मोजलं असतं तर तीच खुंटी दुसरी आली असती. सातवी कुठली हे वहीबाहेर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आदेशाखाली ‘स्थळ सुचवणार’ या शब्दांपुढे सही होती आणि सहीखाली तारीख. सहीखाली तारीख घालायला बारक्याला त्यांनीच शिकवलं होतं.

बारक्या वरच्या मजल्यावर बसायचा. पूर्वी त्याचं टेबल जिन्याशेजारी, झेरॉक्सच्या यंत्राला खेटून होतं. आता ते खिडकीजवळ होतं आणि खुर्चीला हात होते.

“कायम झालास?”

“एक तारखेपासून. सांगणारच होतो मावशी. बस ना.”

“सातवी खुंटी तू सांगितलीस?”

तो टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावत राहिला. “साहेबांनी विचारलं, माती सगळ्यात कच्ची कुठे आहे. वहीत होतं. तुझ्याच अक्षरात.”

“खणू नये म्हणून लिहिलं होतं.”

“मी कुठेही खोटं लिहिलेलं नाही.”

“नाही लिहिलंस,” बाई म्हणाल्या. “आणि चहाही सांडला नाहीस.”

बाई जिना उतरून घरी आल्या.

पुढच्या सकाळी शिंपीदादा दोन बादल्या चिकणमाती घेऊन त्यांच्याबरोबर गेले. पहारेकऱ्याने दोघांना काठावरच अडवलं. सरकारी कामाला हात लावला तर गुन्हा दाखल होईल, असं म्हणाला, पण आवाज न चढवता, कारण तोही याच वस्तीतला होता. दादांनी माती तिथेच पालथी केली आणि परतीच्या वाटेवर एकदाही वहीचा विषय काढला नाही. ते त्यांनी बोलून दाखवलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं.

पाहणीच्या दिवशी साहेब काठावर छत्री धरून उभे राहिले. “बाई, चिखल फार आहे, तुम्ही कशाला उतरता?” बाई उतरल्या. मोजपट्टी बारक्याच्या हातात होती. पहिल्या खुंटीपाशी तो नव्या पँटसकट चिखलात गुडघ्यावर बसला, डोळा पाण्याच्या रेषेत आणला आणि मग आकडा सांगितला. त्याच्यामागून बाई वाकल्या आणि त्यांनी तोच आकडा वाचला. बाराही खुंट्या अशाच झाल्या. दोघांच्या आकड्यांत एका मिलिमीटरचाही फरक आला नाही.

साहेबांनी फॉर्म पुढे केला. “आकडे मान्य नसतील तर तसं लिहा. तो तुमचा हक्क आहे.”

बारक्या चिखल पुसत होता. पुसता पुसता थांबला.

बाईंनी सही केली, सहीखाली तारीख घातली. मग पिशवीतून स्वतःची वही काढली आणि उभ्या उभ्या त्या दिवसाची नोंद केली.

सात खुंट्या कोरड्या. उरलेल्या पाच: नऊ, सात, पाच, चार, दोन. सरासरी सव्वादोन सेंटीमीटर. टिबुकल्या शून्य.