टाकीवरची गाठ

मागची खोली जमिनीपेक्षा तीन पायऱ्या खाली होती. कधीकाळी तिथे कोळसा साठवत. भिंतींनी अजून तो काळेपणा सोडला नव्हता. सुनेने तिथे वायरचं वेल्डिंग मशीन आणून ठेवलं आणि सासऱ्याला म्हणाली, बाबा, बसवून द्या. यांनी मला शिकवलंय सगळं, पण सुरुवात तुमच्या हातची हवी.

‘हे’ म्हणजे तिचा नवरा, म्हाताऱ्याचा एकुलता मुलगा. सात महिन्यांपूर्वी तो वेल्डिंगसाठी एका मोठ्या टाकीत उतरला, आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरने लिहून दिलं. सुनेने तो कागद घडी घालून कपाटात ठेवला. म्हाताऱ्याने तो उघडूनही पाहिला नाही. त्या दिवशी तो टाकीपाशी पोचला होता, तिच्या तोंडावर बांधलेली ताडपत्री त्याने पाहिली होती, आणि ताडपत्रीची गाठ ओळखीची होती.

वायरच्या वेल्डिंगला गॅस लागतो. गनमधून वायर सुटते, तिच्याभोवती गॅस सुटतो, आणि वितळलेल्या लोखंडाला तो लेकरासारखा पांघरूण घालतो. वारा आला की पांघरूण उडतं, जोडावरच्या वितळत्या टाक्याला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. म्हणून म्हातारा चाळीस वर्षं दारं लावून, खिडक्या बुजवून, गोणपाटं बांधून काम करत आला. त्याच्या टाक्यात भोक सापडत नसे. मुलगा हाताशी आला तेव्हा म्हाताऱ्याने या कसबाचं गाणंच केलं:

वारा आला दारी, त्याला दारातच थांबव रे,
ओल्या टाक्यावर माझ्या सावली तू लांबव रे.

गाण्यात एक गोष्ट राहून गेली. तो गॅस जड असतो, तळाशी साचतो, आणि हवेला उठवून तिच्या जागी बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्या दिवशी मुलगा जेवायला वर आला तेव्हा सिलिंडर चालूच होता, नळी कुठेतरी गळत होती आणि तोंडाला ताडपत्री होती. जेवून खाली उतरला, बसला, तो बसलाच. सोबत्यांना वाटलं, डुलकी लागली असेल.

हे सुनेला सांगायला हवं होतं. सांगितलं, तर आपल्याला बाबा म्हणणारं शेवटचं माणूस जाईल, या भीतीने तो सात महिने ते टाळत आला होता. आता न सांगून भागणार नव्हतं. ही खोली होती, हे मशीन होतं, आणि ती होती.

त्याने सुरुवात सोप्या गोष्टींनी केली. मीटरपासून मशीनपर्यंत स्वतंत्र जाड वायर ओढून घेतली, अर्थिंग दोनदा तपासून घेतलं. रॉकेलचा डबा, जुनी गादी, रंगाचे डबे वर अंगणात गेले. वाळूची बादली आली. सिलिंडर साखळीने भिंतीला जखडला, नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि फुगा येत नाही ना ते दोघांनी वाकून पाहिलं. तिची नायलॉनची ओढणी बघून तो म्हणाला, ही अंगाला चिकटून जळते, सुती घाल. ती म्हणाली, यांनीही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, तुम्ही दोघं एकाच साच्यातले. म्हातारा बादलीतली वाळू उगाच सारखी करत राहिला.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. घरातच वीज पाडणार का आता, तिने विचारलं. सून म्हणाली, पाडणार, तुमच्यावर पाडत नाही तेवढी मेहेरबानी समजा, आणि तुम्हीही इकडे बघू नका, डोळे जातील. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती. म्हाताऱ्याला वाटलं, आजचा दिवस राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टेबलासाठी जागा करायला सिलिंडर कोपऱ्यात सरकवला. नळी काढून परत लावली, हाताने आवळली. मग बुटक्या स्टुलावर बसून पहिला टाका घातला. पायऱ्यांवरून वारा उतरला. मास्क वर करून तिने पाहिलं तर टाका जाळीसारखा झाला होता. ती उठली, गुणगुणतच उठली, वारा आला दारी, आणि तिने दार लावून घेतलं.

म्हातारा आतच होता, भिंतीला टेकून. बोल, त्याने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात गन सुरू झाली, खोली निळी झाली, आणि पोलादावरून टाका असा सरकत गेला जसा नीट विणलेला गोफ. एक भोक नाही. मुलाचा हात. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, की छान आलाय.

दुपारी दोघं जेवायला वर आली. येताना तिने सवयीने दार ओढून घेतलं. घास तोंडात असताना म्हाताऱ्याने विचारलं, सिलिंडर बंद केलास ना? ती म्हणाली, परत लगेच बसायचंय, कशाला? आणि हात धुऊन निघालीसुद्धा.

म्हातारा ताटावरून तसाच उठला. इतक्या घाईने तो मुलाच्या टाकीकडेही धावला नव्हता. ती दार उघडून पहिल्या पायरीवर पोचली होती. त्याने तिचं मनगट धरून मागे ओढलं आणि स्वतः वरच्या पायरीवर गुडघे टेकले. लांब काठीच्या टोकाला चिंधी बांधली, पेटवली आणि खोलीत सोडली. दुसऱ्या पायरीपर्यंत चिंधी जळत होती. फरशीपासून वीतभर वर असताना ती विझली, जशी कुणी चिमटीत धरून विझवावी. कोपऱ्यात नळीच्या जोडातून बारीक सुस्कारा येत होता.

“हा गॅस पेटत नाही,” म्हातारा म्हणाला. “पेटलेलं विझवतो.”

ती विझलेल्या चिंधीकडे बघत राहिली. मग तो बोलला. टाकीवरची ताडपत्री त्याने माझ्या गाठीने बांधली होती, म्हणाला. वारा अडव, हे मी शिकवलं. सिलिंडर बंद कर, हे गाण्यात घालायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मी स्वतः नेहमी बंद करायचो, म्हणून वाटलं, तोही करत असेल.

“हृदय बंद पडलं म्हणाले होते.”

“हवा नसली की पडतंच.”

 मग तिने विचारलं, आणि आवाज अगदी साधा होता, मीठ कुठे ठेवलंय विचारावं तसा:

“सकाळी मी दार लावलं, तेव्हा तुम्ही आतच होतात.”

“होतो.”

“आणि गप्प बसलात.”

“टाका चांगला आला होता,” म्हातारा म्हणाला, आणि हे आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर त्याला कळलं.

ती रडली नाही. घरात गेली, पाना आणि पेचकस घेऊन आली, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून काढले. दार उचलून तिने अंगणात भिंतीला उभं केलं. सिलिंडर रिकामा होऊन काठीवरची चिंधी फरशीपर्यंत जळत राहीपर्यंत कुणी खाली उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी तळाची हवा पाइपने वर ओढून बाहेर फेकणारा पंखा बसला. सिलिंडर भरून आला तो वर अंगणातच राहिला, उंबऱ्यालगतच्या खांबाला साखळीने बांधला गेला. हे सगळं ती बोलल्याशिवाय करत होती आणि तो सांगितल्याशिवाय हात लावत होता.

सगळं झाल्यावर ती उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “इथे बसायचं. मी आत आहे तोवर उठायचं नाही.”

बाबा म्हणाली नाही.

तेव्हापासून तो तिथे बसतो. पाठ वाऱ्याकडे, हात सिलिंडरच्या चावीवर. त्याच्या पाठीमुळे आत वारा थोडा कमी येतो. तरी टाक्याला भोकं पडतात, ती तो घासून काढते आणि पुन्हा घालते. गाणं कुणी म्हणत नाही. प्रत्येक टाक्यानंतर ती टेबलावर हातोडीने दोनदा ठोकते, की तो चावी बंद करतो. दिवसभरात त्यांचं बोलणं एवढंच.

काल एकदा ठोका आला नाही. म्हाताऱ्याने मान वर करून आत पाहिलं. ती मास्क वर करून, गुडघ्यांवर कोपरं टेकून स्टुलावर बसली होती, त्याच्याकडेच बघत, डोळे उघडे. पंखा चालू होता. तो अर्धवट उठून तसाच थांबला. श्वास त्याचाच अडकला होता.

मग तिने हातोडी उचलली आणि दोनदा ठोकली.