स्पीकर बंद पडल्यावर

दीपाला त्या खेळाची भीती वाटायची, आणि तरी ती रोज दुपारी लीनाकडे जायची.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना होता. दोघी श्रीरामपूरच्या कॉलेजात बी.कॉम.ला होत्या, परीक्षा नुकतीच संपली होती. दीपा बेलापूरची. सकाळी टेम्पोनं येऊन ती टायपिंगच्या क्लासला बसायची आणि क्लास सुटला की भर उन्हात परत जाण्याऐवजी लीनाच्या घरी थांबायची. लीनाचे वडील मार्तंडसर हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. लीनाचा पुण्यातला मावसभाऊ अनिमेष, त्यानं नवा कॉम्प्युटर घेतल्यावर जुना इकडे पाठवून दिला होता. त्याच्यासोबत एक सीडी आली होती. त्या सीडीत तो खेळ.

खेळ म्हणजे एक मेलेलं शहर होतं. सुरुवातीला पडद्यावर इंग्रजीत बरंच काही लिहून यायचं. लीना ते भराभर पुढे ढकलायची, पण दीपानं एकदा तिला थांबवून वाचलं. मोठं युद्ध झालं, हवेत विष पसरलं, माणसं मेली, आणि जी मेली नाहीत त्यांचं काहीतरी भलतंच झालं. त्याच महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या होत्या. क्लासशेजारच्या दुकानदारानं पेढे वाटले होते आणि दीपानंही एक खाल्ला होता. ते वाचताना तिला तो पेढा आठवला.

लांब कोट घातलेला एक माणूस त्या शहरातून चालायचा. बटणं दाबून त्याला चालवायचं. मोडक्या इमारती, गंजलेल्या मोटारी, कुठंतरी पत्रा वाऱ्यानं आपटतोय. त्याच्यामागं एक सात-आठ वर्षांची पोरगी असायची. तिचं तोंड लाकडी बाहुलीसारखं चौकोनी दिसायचं म्हणून लीनानं तिचं नाव ठकी ठेवलं होतं. ठकी बोलायची नाही. आपण चाललो की ती चालायची, थांबलो की थांबायची. कुणी जवळ आलं तर ती आपल्याआधी ओळखायची आणि आपल्या माणसाच्या कोटाला धरायची. तिनं कोट धरला की दीपाच्या मानेवर काटा यायचा.

असं जवळ येणाऱ्यांना दीपा आणि लीना भुरे म्हणायच्या. अंग राखेसारखं, डोळ्यांच्या जागी काही नाही. ते आवाजाच्या मागानं यायचे. पळालं तर पावलं वाजायची आणि भुरे वळायचे. हळू चाललं तर ते अगदी हाताच्या अंतरावरून जायचे.

लीना धीट होती. ती खुर्चीत मांडी घालून बसायची, ओठ आवळून बटणं बडवायची. दीपा मागं स्टुलावर बसून ओढणी डोळ्यांवर घ्यायची आणि तिच्या विणीतून बघायची.

"लीना, ती मागं राहिली."

"येईल गं."

"ती खाली बसलीय बघ. घाबरली की बसते ती. तू जवळ जाऊन हात दे ना."

"अगं, कॉम्प्युटरची पोरगी आहे ती!" लीना हसायची. "मेली तर परत चालू करू."

आणि ठकी मरायचीच. मरताना दिसायचं काही नाही, फक्त एक बारीक, अर्धवट तुटलेला आवाज यायचा. लीना लगेच परत सुरू करायची. दीपाला मात्र तो आवाज टेम्पोत ऐकू यायचा, भाकरी थापताना ऐकू यायचा. एकदा तिनं आईला, भिमाबाईला, हे सांगून पाहिलं.

भिमाबाई म्हणाली, "मंग कशाला बघती? तुला कुनी बांधून ठिवलंय का तितं?"

कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण आपण नसताना ठकी एकटी लीनाच्या हातात असणार, हे तिला सहन होत नव्हतं. हे वेडेपणाचं आहे हे तिलाही कळत होतं.

त्या दिवशी ती आली तेव्हा मार्तंडसर आतल्या खोलीत पलंगावर पडले होते. आठवड्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यावर पट्टी होती, आणि डाव्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच धूसर दिसायचं.

"कोण, दीपा का?" त्यांनी आतून विचारलं.

"हो सर."

"त्या लढाईचा आवाज जरा कमी ठेवा."

लीनानं स्पीकर किंचित कमी केला आणि अचानक खुर्ची सोडली. "आज तू बस. रोज मला शहाणपण शिकवतेस."

दीपा नको नको म्हणत बसली. खेळात एक मोठं इस्पितळ आलं होतं, लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना उघडी दारं. ती एकेक पाऊल टाकत होती. दर दोन दारांनंतर मागं वळून ठकी आहे ना बघत होती. लीना कंटाळून जांभया देत होती. मग ठकीनं कोट धरला.

स्पीकरमधून ओरडण्याचा आवाज आला. आधी लांबून, मग जवळून. बरीच माणसं, बाया, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय.

"हा आवाज नवा आहे," लीना पुढं सरसावत म्हणाली. "आधी कधी आला नव्हता."

दीपानं कोटवाल्या माणसाला भिंतीला टेकवून उभं केलं. भुरे कुठून येणार, डावीकडून की उजवीकडून? आवाज वाढतच होता. त्यात धावणाऱ्या पावलांचा आवाज मिसळला.

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला, स्पीकर बंद पडले, डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला.

ओरडणं थांबलं नाही.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दीपाच्या नाकात काहीतरी घुसलं. मुतारीसारखा वास, पण हजारपट तिखट, सुईसारखा. डोळ्यांतून पाणी आलं. लीना खोकायला लागली.

"खिडकी लावा!" आतून सर ओरडले. ते पलंगावर उठून बसले होते. "अमोनिया आहे हा! बर्फाच्या कारखान्याचं काहीतरी फुटलंय."

घराच्या मागं दोन गल्ल्या सोडून बर्फाचा कारखाना होता. लीनानं खिडकीकडं धाव घेतली, आणि बाहेर बघताच तिथंच थांबली. दीपानंही पाहिलं. मागच्या गल्लीत पांढरं धुकं जमिनीलगत सरकत येत होतं. रणरणत्या उन्हात धुकं. त्यातून एक बाई धावत बाहेर आली, पडली, उठली आणि पदर तोंडात कोंबून पुढं पळाली.

पडद्यावरची भीती दीपाला ठाऊक होती. तिच्यात ओढणी डोळ्यांवर घेता येत असे. ही तशी नव्हती. तिला वाटलं, आपण आता मरणार. आई बेलापुरात बसलीय आणि तिला कळणारसुद्धा नाही.

"ओली फडकी करा," सर म्हणाले. "नाकातोंडावर. पाण्यात तो विरघळतो. आणि इथं थांबायचं नाही, छपराच्या पत्र्याच्या फटींतून आत येईल."

पाणी स्वयंपाकघरात होतं. दीपा त्या घरात दीड वर्ष येत होती, पण स्वयंपाकघरात कधी गेली नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं आणि कुणी आत ये असंही म्हटलं नव्हतं. पाणी नेहमी लीना बाहेर आणून द्यायची. आज ती थेट आत गेली. माठात हात घातला, दोरीवरचे पंचे त्यात बुडवले, एक स्वतःच्या तोंडाला बांधला, एक सरांच्या. सरांच्या पट्टीवर तिनं ओला रुमाल ठेवला आणि त्यांना उभं केलं. तिसरा पंचा लीनाकडं फेकला.

"लीना, चल!"

"आले," लीना म्हणाली.

बाहेर माणसं लोंढ्यानं मेन रोडकडं पळत होती.

"वारा कुठून आहे?" सरांनी विचारलं.

दीपानं वर बघितलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली साडी मेन रोडच्या दिशेनं फडफडत होती. तिनं सांगितलं.

"मग तिकडं नको. वास वाऱ्याबरोबर तिकडंच जाणार. वाऱ्याला आडवं चल, स्टेशनच्या अंगाला."

सगळे एकीकडं पळत असताना आपण दुसरीकडं जायचं, हे फार कठीण होतं. दीपानं सरांचा दंड धरला आणि बोळात वळली. बोळ रिकामा होता. कुणाची सायकल आडवी पडली होती, तिचं चाक अजून फिरत होतं. एका दारात कुत्रं उताणं पडून पाय झाडत होतं. घरांची दारं सताड उघडी, एका ओसरीवर जेवणाचं अर्धं ताट. सर धडपडत होते, प्रत्येक पायरीला विचारत होते, आणि दीपा मोठ्यानं सांगत होती, "गटार आहे, पाय उचला. आता सरळ." तिचा आवाज तिला परका वाटत होता.

रेल्वेच्या तारेच्या कुंपणापाशी हवा मोकळी लागली. तिथं काही माणसं आधीच येऊन बसली होती. दीपानं सरांना लिंबाखाली बसवलं.

"लीना?" सर म्हणाले. "लीना, पाणी मिळतंय का बघ."

दीपानं मागं वळून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं.

तिला वाटलं, येईल. ती तोंडाला हात लावून बघत राहिली. बोळाच्या त्या टोकाला आता पांढरं दिसत होतं, कमरेइतकं. सर पुन्हा म्हणाले, "लीना?" आणि या वेळी त्यांचा आवाज फाटला. ते उठायला लागले. दीपानं त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं.

"सर, बसा. तुम्ही उठू नका. मी आणते."

शेजारचा एक माणूस ओरडला, "ए पोरी, वेडी का? कुठं निघाली?"

तिला जायचं नव्हतं. हे तिनं नंतर कितीदा तरी मनाशी घोळवलं. तिला अजिबात जायचं नव्हतं. प्रत्येक पावलाला तिचं अंग मागं ओढत होतं. कुंपणाजवळच्या नळावर तिनं पंचा पुन्हा भिजवला, ओढणी भिजवून डोक्यावर घेतली आणि श्वास रोखून पळत सुटली. निम्म्या बोळात श्वास संपला. घेतला तसा घशात निखारा गेला. डोळे उघडे राहीनात. ती भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत आली.

लीना खिडकीपाशीच उभी होती. दोन्ही हातांनी गज धरलेले, पंचा पायाशी पडलेला. खोकून खोकून तिचं तोंड लाल झालं होतं, पण हात सुटत नव्हते.

"चल!"

लीनानं मान हलवली. तिला बोलताही येत नव्हतं.

दीपानं तिची बोटं एकेक करून सोडवायचा प्रयत्न केला. ती पुन्हा आवळली जात होती. मग दीपा रडायलाच लागली. रडत रडत तिनं लीनाच्या पाठीत धपाटे घातले, शिव्या दिल्या, बेलापूरच्या शेतात दिल्या जातात तसल्या शिव्या, ज्या तिनं त्या घरात कधी काढल्या नसत्या. शेवटी वेणी धरून जोरात ओढलं. लीना किंचाळली आणि हात सुटले. पडलेला पंचा तिच्या तोंडावर दाबून दीपानं तिला बाहेर काढलं. बोळ तिला नीट आठवत नाही. कुठंतरी दोघी पडल्या. कुठंतरी कुणीतरी दोघींना उचललं.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंज्यांवर माणसं झोपवली होती. गळती बंद झाली होती. कारखान्यातला एक कामगार गेला असं लोक बोलत होते. सरांचा डोळा डॉक्टरांनी धुऊन पुन्हा पट्टी बांधली होती; वाचेल म्हणाले, पण नक्की नाही. लीनाच्या नाकाला नळी होती. ती छताकडं बघत होती आणि दीपाकडं बघायचं टाळत होती. दीपानं तिचा हात हातात घेतला. लीनानं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

भिमाबाई कुणाच्या तरी टेम्पोतून आली. आल्या आल्या तिनं दीपाच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी दीपाला घरी आणलं. घसा बसला होता, अंगाला कापरं भरत होतं. बाहेर पत्रा वाजला तरी ती दचकायची, दार उघडलं की आधी हवेचा वास घ्यायची. वडील रंगनाथ साखर कारखान्यात कामाला होते. पाळी संपवून ते दिवेलागणीला आले, हातपाय धुतले आणि तिच्या अंथरुणाशी बसले.

"भ्या वाटलं का गं?"

"लई," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला.

"सर बाहेर निघालं हुतं. तूबी निघाली हुती. मंग परत कशाला गेलीस?"

खरं उत्तर मोठं काहीतरी असायला हवं असं तिला वाटलं, पण तसं काही सापडेना.

"ती आली नव्हती ना," ती म्हणाली.

रंगनाथांनी मान हलवली. तिच्या अंगावरची वाकळ गळ्यापर्यंत ओढली आणि भिमाबाईला म्हणाले, "हिला थोडा गूळ घालून पानी दे. घसा लई बसलाय."