सारथीबाबांची गाडी आणि ब्रेकबाईंची साक्ष

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या पटांगणात रविवारी सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पटांगणाच्या फाटकातून बाहेर पडलं की नवा रुंद रस्ता लागायचा. नाकासमोर सरळ, ताज्या पांढऱ्या पट्ट्यांचा, रहदारी जेमतेम. त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दाटीवाटीनं उभे होते. कुणी कठड्यावर चढलं होतं, कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. सारथीबाबा आज डोळे मिटून गाडी चालवणार होते.

बाबा चांदीच्या रंगाच्या भल्यामोठ्या गाडीतून उतरले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"लोखंडाला कान असतात," बाबा म्हणाले. "रबराला मन असतं. अहंकार तेवढा माणसाला असतो. तो कुठं राहतो? हातात. हात सोडा, अहंकार सुटेल. अहंकार सुटला की गाडी वरच्याच्या इच्छेनं चालेल."

रबराला मन असतं हे ऐकून टायरच्या दुकानदारानंसुद्धा मान डोलावली. जन्मभर त्यानं त्या मनाला ठिगळं लावली होती, पण त्या क्षणी त्याला ते आठवलं नाही.

पहिल्या रांगेत ब्रेकबाई उभ्या होत्या. गावाला त्यांचं खरं नाव ठाऊक नसेल, पण हे नाव लहान पोरालाही ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या मोटार शिकवत होत्या. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि तो कधी दाबायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसे. गावातले निम्मे चालक त्यांच्या हाताखालून गेलेले. तिथं त्या आल्या होत्या त्या खोड काढायलाच. "डोळे मिटून गाडी चालते म्हणे. बघू तरी कशी चालते," असं शेजारणीला सांगून त्या घराबाहेर पडल्या होत्या.

पण बाबांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"या माउलीनं हजारो लोकांना रस्ता दाखवलाय. हिच्या नजरेतून चूक सुटत नाही. हिलाच बसवा माझ्या शेजारी. पुढं ती सांगेल ते खरं."

हजार माणसांसमोर कुणी असं म्हटलं की भलेभले विरघळतात. ब्रेकबाईही विरघळल्या. पदर सावरून त्या पुढच्या सीटवर बसल्या.

पुढं शिष्याची जीप होती, मागं बाबांची गाडी. स्टिअरिंगच्या चाकाच्या उजव्या बाजूला लाल कापडाची पुरचुंडी बांधली होती. चाकामागच्या, वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या पाटीवर भगवं फडकं टाकलेलं होतं. बाबांनी थोडा वेळ स्वतःच गाडी चालवली. मग मणी ओढावा तसा चाकावर डाव्या अंगठ्यानं दोनदा दाब दिला, डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पाय मागं ओढून घेतले.

गाडी चालत राहिली. जीप सावकाश झाली तशी गाडी सावकाश झाली. जीपनं वेग घेतला तसा गाडीनंही घेतला. रस्ता किंचित डावीकडे वळत होता, तिथं चाक आपलं आपण हललं. ते बघून ब्रेकबाईंच्या अंगावर काटा आला. जीप थांबली, तशी गाडीही तिच्या मागं दहा-बारा फुटांवर अलगद थांबली. जीप निघाली, गाडीही निघाली. सवयीनं ब्रेकबाईंचा पाय नसलेला ब्रेक शोधत होता आणि एकदाही त्याची गरज पडली नाही.

अंगठा त्यांनी पाहिला होता. फडकंही पाहिलं होतं. काट्यांची पाटी कशाला झाकायची, हा प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला आणि तिथंच विरला. कारण बाबांनी डोळे उघडून गाडी परत आणली तेव्हा रस्त्यावरचा एकूण एक माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

त्यांनी माइक घेतला.

"हात नव्हते. पाय नव्हते. डोळे मिटलेले होते. मी शेजारी बसून बघितलंय," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत असं बघितलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर बाबांच्या चाकावर होती तशा लाल पुरचुंड्या मिळवण्यासाठी रांग लागली. बाबा काही सगळ्यांना देत नसत. शिष्य एकेका गाडीपाशी जायचा, काचेवर कपाळ टेकवून आत बघायचा आणि सांगायचा, "हिच्या कपाळी तेज आहे. घ्या." किंवा, "हिचं पुण्य अजून कच्चं आहे. पुढच्या वर्षी या." जुन्या गाड्यांचं पुण्य सर्रास कच्चं निघत होतं. नव्याकोऱ्या महागड्या गाड्या मात्र जन्मजात पुण्यवान. याचंही कुणाला नवल वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी ब्रेकबाईंना दवाखान्यातून निरोप आला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिथं दाखल होती. ती त्याच दवाखान्यात परिचारिका होती. आता तिथल्याच खाटेवर पडली होती, आणि उजवा गुडघा लोखंडी सळ्यांच्या पिंजऱ्यात अडकवलेला होता.

"काय झालं ग?" खुर्ची ओढत ब्रेकबाईंनी विचारलं.

"काल आईकडे निघाले होते. सकाळची पाळी करून. डोळे मिटत होते," ती म्हणाली. "पुरचुंडी बांधली होती. शिष्यानं दाखवली ती दोन बटणं दाबली, त्यानंच दिलेला मंत्र म्हटला, हात सोडले. पुढं ट्रक होता. त्याच्या मागं गाडी किती छान चालली होती. मग ट्रक एकदम बाजूच्या पट्टीत गेला. त्याच्या पुढं रस्तेवाल्यांचा पाण्याचा टँकर उभा होता. नुसता उभा. मला वाटलं, आता थांबेल. आता थांबेल. थांबलीच नाही."

"अजून कुणाला लागलं?"

"टँकरशेजारी एक मजूर होता. उडी मारली म्हणून वाचला."

ब्रेकबाई म्हणाल्या, "असल्या बाबावर तू विश्वास कसा ठेवलास?"

परिचारिकेनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाबांवर नाही हो ठेवला. बाबांना मी ओळखतसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

ब्रेकबाई जिना उतरून खाली आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. दरवाजापाशी एक ओळखीचा माणूस हसून "काय बाई" म्हणाला. त्यांना त्याच्याकडे मान वर करून बघवेना. आयुष्यात त्यांच्या शिकवणीतल्या कुणी खांब ठोकला होता, कुणी गटारात चाक घातलं होतं. पण त्यांच्या शब्दामुळे कुणाचं हाड मोडलं नव्हतं.

तिची चेपलेली गाडी गावाबाहेरच्या गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यात आणून टाकली होती. तिथल्या फोरमनला ब्रेकबाई ओळखत होत्या. त्यांची शिकवणीची गाडी तोच दुरुस्त करायचा. त्यांनी आडपडदा न ठेवता त्याला सगळं सांगितलं, स्वतःच्या भाषणासकट.

"मीही ऐकलं होतं तुमचं भाषण," फोरमन म्हणाला. "म्हटलं, बाई म्हणतायत तर असेल काहीतरी. मला कळायला हवं होतं. मी रोज हेच खोलतो."

त्यानं पुढची फुटलेली जाळी बाजूला केली आणि आतला वहीएवढा चपटा डबा दाखवला.

"हा रडार. यातून लहरी जातात, पुढच्या गाडीवर आपटून परत येतात. त्यावरून गाडीला कळतं, पुढचा किती लांब आहे, किती वेगात आहे. तुम्ही बटणानं वेग ठरवून द्यायचा. पुढं मोकळं असलं तर गाडी तेवढ्या वेगानं जाते. पुढं कुणी आलं तर अंतर ठेवून त्याच्या मागं राहते. तो थांबला की थांबते."

"आणि चाक वळतं ते?"

फोरमननं काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागं बोट ठेवलं. तिथं एक काळा उंचवटा होता.

"कॅमेरा. हा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघतो. चाकाच्या दांड्याला छोटी मोटर असते, ती चाक थोडं थोडं वळवून गाडीला पट्ट्यांच्या मधे ठेवते."

ब्रेकबाई त्या उंचवट्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे कपाळीचं तेज ते हे," त्या हळूच म्हणाल्या.

"हेच. ज्या गाडीला कॅमेरा नाही, तिचं पुण्य कच्चं."

"मग टँकर का नाही दिसला?"

"कारण ही मदतनीस आहे, चालक नाही. रस्त्याकडेला खांब, पाट्या, कठडे, उभ्या वस्तू हजार असतात. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालायचीच नाही. म्हणून वेगात असताना उभ्या वस्तूकडे पुष्कळदा ती काणाडोळा करते. त्यातून पुढचा ट्रक अचानक बाजूला झाला, तर तिच्या हाती वेळच राहत नाही. गाडीच्या पुस्तकात हे चौकटीत छापलंय. कुणी उघडत नाही ते."

"आणि पुरचुंडी?"

फोरमननं याच गाडीच्या चाकावरून सोडवलेली लाल पुरचुंडी खिशातून काढली आणि गाठ सोडली. आतून मासे धरायच्या गळाला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या घरंगळल्या.

"हात सोडले की गाडी काही सेकंदांत ओरडते. चाकावर हात ठेवा म्हणते. नाही ठेवले तर मदत काढून घेते. चाकाला हाताचा ओढा जाणवला की गप्प बसते. या शिशाच्या वजनानं तोच ओढा मिळतो. गाडीला वाटतं, हात आहे."

ब्रेकबाई खाली बसल्या, तिथंच, तेलकट फळकुटावर. गाडी बिचारी हात मागत होती आणि बाबांनी तिचं तोंड दाबलं होतं. आणि सव्वीस वर्षं "हात चाकावर, नजर रस्त्यावर" म्हणत आलेल्या बाईनं त्याला टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्या पटांगणात गेल्या तेव्हा बाबांना आनंदच झाला. आपला साक्षीदार आपणहून आला, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः माइक पुढं केला. मागं फाटकापाशी फोरमन तसाच कॅमेरा असलेली त्याची गाडी घेऊन उभा होता.

"त्या दिवशी मी इथं उभी राहून एक गोष्ट सांगितली," ब्रेकबाई म्हणाल्या. "ती ऐकून एका मुलीनं हात सोडले. तिचा गुडघा मोडलाय. ती पुन्हा नीट चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तिनं माझं ऐकलं, म्हणून आधी मी माफी मागते. आता महाराज, एक विनंती. तुमच्या गाडीच्या काचेवर, आरशामागं, बाहेरून ही चिकटपट्टी लावते. मग डोळे मिटून चालवून दाखवा. शक्ती तुमची असेल तर चार बोटं पट्टीनं काय बिघडणार आहे?"

बाबा हसले. "शक्तीची परीक्षा घेत नाहीत, माउली. अहंकार."

"मग गाडीची घेऊ," ब्रेकबाई म्हणाल्या.

त्या फोरमनच्या गाडीत बसल्या. शेजारी टायरच्या दुकानदाराला बसवलं. पुरचुंडी नाही, मंत्र नाही. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी दोन बटणं दाबली आणि चाकापासून बोटभर अंतरावर हात धरले. चाक आपलं आपण हललं. थोड्याच वेळात गाडी टुणटुण करू लागली आणि काट्यांच्या पाटीवर चाक धरलेल्या दोन हातांचं चित्र उमटलं. तिथं फडकं नव्हतं, त्यामुळे दुकानदाराला ते स्वच्छ दिसलं. मग गाडी थांबवून त्यांनी काचेवर पट्टी लावली आणि पुन्हा निघाल्या. बटण दाबलं. पाटीवर अक्षरं आली, 'कॅमेऱ्यापुढे अडथळा'. चाक हललं नाही.

दुकानदारानं उतरून लोकांना जे पाहिलं ते सांगितलं. फोरमननं पुरचुंडी सोडून गोळ्या तळहातावर दाखवल्या. गर्दीत कुजबुज वाढली. बाबांचा शिष्य जीपमध्ये जाऊन बसला होता.

मागून एक निवृत्त कारकून ओरडले, "बाई, त्या दिवशी खोटं बोललात की आज?"

"त्या दिवशी," ब्रेकबाई म्हणाल्या. "खोटं म्हणून नाही बोलले. फडकं दिसलं होतं, अंगठा दिसला होता. विचारलं नाही. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, ते मला आवडलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींनी जागच्या जागी पुरचुंड्या सोडल्या. काही बाबांच्या गाडीभोवती गोळा झाले आणि ब्रेकबाईंनाच शिव्या देऊ लागले. बाबा काच वर करून निघून गेले. जाताना मात्र दोन्ही हात चाकावर होते.

सोमवारपासून ब्रेकबाई दारोदार फिरल्या. पुरचुंडी नेलेली माणसं त्यांना तोंडओळखीनं माहीत होती. एकानं दार लावून घेतलं. एकीनं सुनावलं, "तेव्हा तुम्हीच सांगितलंत, आता तुम्हीच सांगताय." त्यावर ब्रेकबाई "हो" म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या, ती ऐकून घेईपर्यंत.

सातव्या दारी एक म्हातारे शिंपी होते. त्यांनी सगळं निमूटपणे ऐकलं, पुरचुंडी आणून दिली आणि विचारलं, "गाडीतली ती बटणं मग वापरूच नयेत का?"

"वापरा ना. लांबच्या रस्त्यावर पायाला आराम मिळतो. हुशार माणसांनी डोकं लावून बनवलंय ते," ब्रेकबाई म्हणाल्या. "फक्त हात चाकावर, नजर पुढं. चालवताय तुम्ही. ती हाताखाली आहे तुमच्या."

"आणि उद्या दुसरा कुणी बाबा आला तर? आम्हाला काय कळतंय यातलं?"

"मलाही कळत नव्हतं. कळत नाही, असं म्हणायची लाज वाटली, तिथंच चुकले," त्या म्हणाल्या. "चमत्कार दिसला तर नमस्कार करायच्या आधी एकच करायचं, काका. त्यातली एक गोष्ट बदलायची. झाकलेलं असेल ते उघडायचं, बांधलेलं असेल ते सोडायचं, आणि म्हणायचं, आता पुन्हा करून दाखवा. सांगणारा कितीही ओळखीचा असो. मी असले तरी."

शिंप्यांनी मान हलवली आणि त्यांना पाणी दिलं. ब्रेकबाईंनी ते उभ्यानंच प्यायलं, भांडं परत दिलं आणि त्या आठव्या दाराकडे निघाल्या.