आडोशाची जागा

राजेश्रीने पदर नाकावर दाबला आणि शाळेच्या खोलीतला कोपऱ्यातला बाक ओढला. बाकामागे उंदीर मरून पडला होता. भिंतीवर मुलांसाठी कमळ रंगवलेलं होतं. त्यावरून गुटख्याच्या पिचकाऱ्या ओघळून वाळल्या होत्या. खाली मुताचा वास. पूर्णेला ती शिकवायची त्या पहिलीच्या वर्गातही असंच कमळ होतं. मुलं त्यावर बोट फिरवून 'क' गिरवायची. इथल्या मुलांनी बोट कुठे फिरवायचं?

"मॅडम, निवडणुकीला आलात का झाडलोटीला?" मागून दत्तराव म्हणाले.

ते केंद्राध्यक्ष होते. बऱ्याच निवडणुका त्यांनी काढल्या होत्या. राजेश्रीची ही पहिलीच. मतदान उद्या होतं, पण दत्तरावांनी आल्याआल्या खिडकीजवळच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा मांडून टाकला होता. उद्या त्याच्यामागे यंत्र येणार आणि मतदार तिथे उभा राहून बटण दाबणार. आडोशाची उघडी बाजू खिडकीकडे होती.

"सर, खिडकीतून हात दिसेल."

"इथं दरवेळी तिथंच असतं. उजेड येतो."

"झडपा तरी?"

"झडपा कधीच गेल्या. मागच्या वेळी कागद लावला होता, नऊ वाजायच्या आत फाटला. बसा तुम्ही."

एवढ्यात बन्सीधर डबा घेऊन आला. गावच्या पुढाऱ्याचा माणूस. मटणाच्या रश्श्याचा वास खोलीतल्या वासात मिसळला.

"घ्या साहेब, गरम हाय तवर. मॅडम, तुमी बी या. गावरान हाय."

"माझी भाकरी आहे."

"आमच्या घरचं चालत न्हाई व्हय?" बन्सीधर हसला आणि खिडकीतून बाहेर थुंकला. दत्तरावांनी ताट पुढे ओढलं. ते बोटं चाटत जेवू लागले, तशी राजेश्री बाहेर आली.

खिडकीबाहेर लिंबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती तिने सरकवून पाहिली. पायांखाली मातीत चार खळगे होते, चांगले खोल. कुणीतरी पुन्हा पुन्हा तिथेच बसत आलं होतं.

शाळेत खिचडी शिजवणारी भिवराबाई नळावर भांडी घासत होती.

"मावशी, इथं कोण बसतं?"

"बन्सीधर. मतदानाला." भिवराबाईने मान वर केली नाही. "हात वर गेला का खाली गेला, तेवढं दिसतंय त्याला."

"आणि तुम्ही कुणी काही बोलत नाही?"

"काय बोलायचं बाई? त्यानं सांगितलेल्या बटनावर हात दिसला की सुटलो. मंग कुणी इचारत न्हाई. तुमी टेबल तितंच ऱ्हाऊ द्या. उगं हलवलं तर माज्यावर यील, मीच सांगितलं म्हणून. खिचडीचं काम बी जाईल."

राजेश्रीला तिचीही किळस आली. त्या उंदरासारखीच, अंगावर शहारा आणणारी. मग ती किळस आल्याची लाज वाटली. ती नळापाशी खाली बसली आणि वर्गात एखादं मूल अडलं की बोलायची तशी सावकाश बोलली.

"मावशी, एकट्या तुमचाच हात दिसला नाही, तर तो तुम्हाला धरील. खरंय. पण कुणाचाच दिसला नाही तर? कुणाकुणाला धरील?"

भिवराबाई बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

राजेश्री आत गेली. "सर, आडोसा त्या कोपऱ्यात न्यायचा. तिथं भिंतीला पाठ करून उभं राहिलं की खिडकीतून हात दिसत नाही."

"तिथं? अहो, वासाने बायका उलट्या करतील."

"वास गेला तर?"

"गेला तर बघू." दत्तरावांनी हाड चोखलं.

तिने उंदीर पत्र्यावर घेऊन दूर टाकला. दोनदा बाहेर जाऊन उलटीही केली. भिंत खराट्याने घासताना लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत उतरत होतं. बन्सीधर दारात उभा राहून बघत होता.

"मॅडम लय हौशी दिसायल्या," तो म्हणाला आणि रिकामा डबा घेऊन निघून गेला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर भिवराबाई आत आली. हातात चुलीची राख आणि नारळाची शेंडी होती. ती उकिडवी बसली आणि कमळ घासू लागली.

उन्हं कलली तेव्हा दत्तराव कोपऱ्यात आले. त्यांनी दोनदा वास घेतला. मग कुरकुरत टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं राजेश्रीने. मतदाराने भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं, समोर पुठ्ठा, असं टेबल लागलं.

"मावशी, जरा तिथं उभ्या राहा," राजेश्री म्हणाली. ती बाहेर जाऊन बन्सीधरच्या खुर्चीत बसली.

"काय दिसतंय बाई?"

"तुमचं तोंड. खांदे."

"आन् हात?"

"हात नाही."

भिवराबाईने ओले हात लुगड्याला पुसले. ओल्या कमळाला पाठ लावून ती उभी राहिली. टेबल रिकामं होतं, तरी तिने खाली पाहिलं. तिचा उजवा खांदा थोडा पुढे आला, थांबला. मग हळूहळू खाली जाऊ लागला.

राजेश्रीने चटकन मान वळवली आणि लिंबाकडे बघत बसली.