हळदीचे दोन ठसे

राजेश्वरीच्या उजव्या हातावर हळदीचे दोन ठसे होते. एक मनगटावर, दुसरा कोपराला लागून. मधे साधारण एक वीत अंतर.

उमरग्याच्या मैदानावर जमलेल्या लोकांनी ते पाहिले नव्हते. त्यांनी चमत्कार पाहिला होता. मुलींच्या रग्बी संघाचे प्रशिक्षक शंभुलिंग सर आधी स्वतःच्या तळव्याला देवीचा भंडारा चोळत. मुलगी, आज राजेश्वरी, हात आडवा ताणून धरी, सर दाबत, हात खाली जाई. मग तिच्या दुसऱ्या मुठीत ‘गजबाहू’ चूर्णाची पुडी येई. सर पुन्हा दाबत. हात हलत नसे.

“नुसती मुठीत धरली तर एवढी ताकद! पोटात गेल्यावर काय व्हईल?” सर गरजले. “डॉक्टरला इचारू नका, त्या बिचाऱ्याला गोळ्याच ठाव!”

“लई पावर हाय,” कोंडीराम पानवाले म्हणाले. त्यांनी दुखऱ्या गुडघ्यालाही एक पुडी बांधली होती.

राजेश्वरी माझी अकरावीची विद्यार्थिनी. चार महिने ती हे चूर्ण खात होती. तीन महिने तिला पाळी आली नव्हती, आवाज घोगरा झाला होता, हनुवटीवर राठ केस उगवले होते. चूर्ण बंद करा, तपासायला द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुडीवर घटकांची यादी नव्हती. हत्तीचं चित्र होतं. तक्रार कधी करायची, असं मी दर आठवड्याला विचारी. “निवड झाल्यावर बघू, बाई,” ती म्हणे. राज्य संघाच्या निवड समितीत सरच होते.

मी पुढे झाले. “सर, आता पुडीसकट मनगटावर दाबा.”

“शक्तीला जागा नसती, बाई!”

“मग मनगट का नको?”

कुणीतरी हसलं. “माझा हात दाबा की,” म्हणत कोंडीराम मुठीत पुडी घेऊन उभे राहिले. मी त्यांच्या मनगटावर दाबलं. हात खाली. पुडी काढून घेतली, कोपराजवळ तेवढ्याच जोरानं दाबलं. हात जागच्या जागी.

“आयला!” कोंडीराम पुटपुटले आणि वाकून गुडघ्याची पुडी सोडू लागले.

“दार बिजागरीजवळ ढकललं की जड जातं, कडेला सहज हलतं,” मी म्हणाले. “खांदा ही हाताची बिजागरी. सर दुसऱ्या वेळी बिजागरीकडे सरकतात. ठसे बघा, त्यांच्याच भंडाऱ्याचे आहेत. कुणी चमत्कार दाखवला तर तो स्वतः पुन्हा करून बघा. दोन वेळांमध्ये फक्त एकच गोष्ट बदलली का, एवढं तपासा. मगच पोरींच्या पोटात काय घालायचं ते ठरवा.”

“रविवारी निवड हाय,” सर म्हणाले. ते माझ्याकडे नाही, राजेश्वरीकडे बघत होते. “ध्यानात ठिव.”

तिच्या मैत्रिणीनं ठसे पुसायला ओला रुमाल पुढे केला. राजेश्वरीनं तो बाजूला सारला आणि हात माझ्यासमोर धरला.

“आधी ह्याचा फोटू काढा, बाई. तक्रार आजच लिवू. माझ्या नावानं.”