पेन्काने टाकून दिलेली भट्टी

मित्रांनो, माझ्या पोटात एका वेळी एकच मिरची मावते. हसू नका. आमच्या बल्गेरियात मिरच्या भाजायची विजेची भट्टी अशीच असते आणि तिच्याशिवाय सप्टेंबर सुरूच होत नाही, असे आम्हा भट्ट्यांचे ठाम मत आहे. बाहेरून पत्र्याचा डबा, आत मातीची नळी आणि नळीभोवती तार, एवढाच काय तो माझा संसार. जाड, लाल, गोडसर मिरची आत सोडायची आणि झाकण ठेवायचे. दुसरी निवडेपर्यंत पहिलीचे साल करपून सुटते. मी तापट आहे हे मान्य, पण थंड डोक्याने कधी कोणाची मिरची भाजून निघाली आहे का?

पेन्काच्या लग्नात तिच्या थोरल्या बहिणीने, राद्काने, मला भेट दिले. दोघी यांबोल गावात एकाच इमारतीत राहत, राद्का पहिल्या मजल्यावर आणि पेन्का चौथ्यावर. दर सप्टेंबरला मला अंगणात आणून त्या स्टुलांवर बसायच्या. पेन्का भाजायची, राद्का साले काढायची आणि दोघी मिळून साऱ्या इमारतीची साले काढायच्या. मग मिरच्या आणि टोमॅटो आटवून घट्ट चटणी व्हायची. शेजारी चमचे घेऊन सहज म्हणून डोकावायचे. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग पेन्काचा नवरा दिमो हृदयविकाराने गेला. आमच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी मृतासाठी प्रार्थना होते, तोपर्यंत घर माणसांनी भरलेले होते. एक्केचाळिसाव्या दिवसापासून दारावरची घंटा वाजेनाशी झाली. अशा वेळी तिला ते मंडळ भेटले.

मंडळाचे गुरू मेतोदी पूर्वी मोटार चालवायला शिकवत. आता ते आत्मा चालवायला शिकवत होते, पण 'वळण्याआधी आरशात बघा' हे अजून त्यांच्या तोंडून निसटायचे. विस्तवाचा स्पर्श झालेले काही खायचे नाही, हा त्यांचा नियम. भिजवलेले गहू, कच्चे बीट आणि उन्हात ठेवून केलेला चहा. इमारतीत त्यांना सगळे 'कच्चे' म्हणत. पण खोटे कशाला सांगू, माणसे वाईट नव्हती. त्यांच्यातली स्तेफ्का रोज सकाळी फोन करून पेन्काला विचारायची, झोप लागली का. पेन्का गव्हासाठी गेली नाही, त्या फोनसाठी गेली.

घरातला विस्तव काढा, असा हुकूम आला. मला कचऱ्यात टाकायला काही पेन्काचा हात धजेना. तिने माझी वायर नीट गुंडाळली, मला कचरापेटीच्या शेजारी ठेवले आणि वर चिठ्ठी लावली, 'चालू आहे.' राद्काने ती चिठ्ठी वाचली, मला उचलून घरी नेले आणि पुढे दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. असे त्या इमारतीत पूर्वी कधी घडले नव्हते.

खरा घाव पुढेच बसला. राद्काच्या मुलीचे, इवेलिनाचे लग्न ठरले. या मुलीला पेन्काने अंगाखांद्यावर खेळवले होते. पण भाजलेल्या कोकराच्या पंगतीत बसलात तर वर्षाची शुद्धी वाया जाईल, असे मेतोदी म्हणाले. पेन्का लग्नाला गेली नाही. तिने मोड आलेले गहू तेवढे पाठवले. राद्काने ते कबुतरांना घातले आणि कबुतरांनीही अर्धे टाकले. बहिणींचे बोलणे बंद झाले. राद्का एकटीच भाजायची आणि एकटीच सोलायची. मला फार वाईट वाटायचे.

मी राद्काकडे आल्यापासूनच्या चौथ्या सप्टेंबरात एका शनिवारी मंडळ पेन्काच्या घरी जमले होते आणि खाली अंगणात मी कामात होते. चौथ्या मजल्याची खिडकी उघडी होती. "खोल श्वास घ्या," मेतोदींचा आवाज आला. माझा वास नेमका तेव्हाच वर पोचला असावा, कारण इतका खोल आणि मनापासून घेतलेला श्वास मी त्या खिडकीतून कधी ऐकला नव्हता. श्वास सोडायला कोणी तयारच होईना. मग कोणाचे तरी पोट गुरगुरले आणि मला थांबवण्यासाठी पेन्काला खाली धाडण्यात आले.

ती पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत येऊन उभी राहिली. "ताई, वर ध्यान चाललंय. थोडा वेळ बंद ठेवशील?"

राद्काने मान वर केली नाही. "गरम आहे तोवरच साल निघतं. बसायचं तर बस, नाहीतर उजेड अडवू नकोस."

पेन्का बसली. तिने एक मिरची सोलली. रस कोपरापर्यंत ओघळला, पांढरी बाही लाल झाली. तिने ती मिरची अख्खी तोंडात घातली. अशा अकरा खाल्ल्या. मीच एकेक करून दिल्या, म्हणून आकडा पक्का आहे.

वरून हे सगळे दिसत होते. थोड्या वेळाने मंडळ जिना उतरून रांगेने बाहेर पडले. पेन्काने स्तेफ्काला हाक मारली. स्तेफ्का मान वळवून निघून गेली.

पेन्काला रडू फुटले. "रोज विचारायची गं ती, झोप लागली का म्हणून. आता कोण विचारणार मला?"

राद्काने पुढची मिरची सोलायला घेतली. "मी नाही विचारलं, हे खरं," ती म्हणाली. "तू वरच होतीस, म्हणून विचारायचं राहूनच गेलं. पण इवेलिनाच्या लग्नाचं मी विसरणार नाही."

"नको विसरूस," पेन्का म्हणाली.

संध्याकाळी मला तळघरात ठेवायला दोघी आल्या. तिथल्या फळीवर तीन रांगा चटणीच्या बरण्या होत्या. प्रत्येकीवर वर्ष आणि पेन्काचे नाव होते. तीन हिवाळे मी त्यांच्याच शेजारी काढले होते, पण मला बोलता थोडेच येते? पेन्का बघतच राहिली. तिने पुढच्या रांगेतली एक बरणी उचलली.

"ती नको," राद्का म्हणाली. "ते लग्नाचं वर्ष. रागात होते, झाकणं नीट लावली नाहीत. सगळं नासलंय. बाकीची चांगली आहेत, ती घेऊन जा."

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी असे दूर गेले तर खुशाल रागवा, भांडा. पण त्यांचा वाटा काढून ठेवा, आणि झाकण लावताना हात शांत ठेवा.